आईला अंथरुणावरून कधी उठवायचे? वयस्करांच्या कटिबंधाच्या आणि खुब्याच्या वाटीच्या अस्थिभंगांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मांडीच्या हाडाच्या मानेच्या अस्थिभंगाविषयी लिहिल्यानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतल्या अनेकांत दुखणे खुब्याच्या आसपासचेच होते, पण मोडलेले हाड मांडीचे नव्हते. ते कटिबंधाचे, म्हणजे कंबरेखालच्या हाडांच्या कडीचे (पेल्व्हिसचे) होते, किंवा मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत फिरतो त्या वाटीचे होते. उभे असताना तोल जाऊन पडल्यावर, किंवा पलंगावरून उतरताना घसरल्यावर जे हाड मोडते, ते मुळातच ठिसूळ झालेले असते. म्हणून अशा रुग्णाचे उपचार मोटारसायकलच्या अपघातात कटिबंध मोडलेल्या तरुणाच्या उपचारांपेक्षा पुष्कळ वेगळे असतात. काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ही उत्तरे रुग्णाला प्रत्यक्ष न तपासता दिलेली आहेत, त्यामुळे ती आपल्या डॉक्टरांशी बोलण्यापुरतीच वापरावीत.

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याला पाय अडखळून ती कुशीवर पडली. जांघेत फार दुखत होते. एक्स-रेमध्ये कटिबंधाच्या पुढच्या हाडाला दोन ठिकाणी तडा दिसला. ऑपरेशनची गरज नाही, सहा आठवडे झोपून राहायचे, असे सांगण्यात आले. आता जांघेतली कळ कमी आहे, पण कंबरेच्या खाली मागच्या बाजूला दुखते आणि कुशीवर वळताना ती ओरडते. जेवण निम्म्यावर आले आहे. चार दिवसांपासून संध्याकाळ झाली की भलतेच बोलते, मला ओळखत नाही. तिला उठवावे की सहा आठवडे पुरे होऊ द्यावेत? – एक वाचक, कराड

उत्तर : सहा आठवडे पुरे होण्याची वाट पाहू नका. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मला काळजीच्या वाटतात : मागच्या बाजूला सुरू झालेले दुखणे आणि संध्याकाळचे भलते बोलणे. या दोन्हींसाठी आईला याच आठवड्यात पुन्हा तपासायला हवे.

कटिबंध म्हणजे दोन्ही बाजूंची खुब्याची हाडे आणि मागे मणक्यांच्या शेवटाला असलेले त्रिकास्थी, म्हणजे डॉक्टर ज्याला सेक्रम म्हणतात ते हाड, यांची मिळून झालेली बंद कडी आहे. काचेची बांगडी दाबली तर ती सहसा एकाच ठिकाणी तडकत नाही. तसेच या कडीचे होते. पुढच्या बाजूचा तडा एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतो, त्यामुळे तेवढेच निदान करून काम थांबते. मागचे त्रिकास्थी मात्र वाकडे असते, त्याच्यावर आतड्यांतल्या वायूची सावली पडते आणि वयामुळे हाडातला कॅल्शियम कमी झाल्याने ते चित्रात आधीच फिकट उमटते. त्यामुळे तिथला तडा साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा सुटतो. पुढे तडा गेलेल्या वयस्क रुग्णांचा सीटी स्कॅन केला, तर त्यांच्यापैकी बहुतेकांमध्ये मागेही तडा सापडतो. जांघेत दुखणाऱ्या वृद्ध रुग्णाला तपासताना त्याच्या पाठीच्या खालच्या भागावर बोट दाबून पाहायला हवे. त्याला अर्धा मिनिट लागतो, आणि तिथे दुखत असेल तर सीटी स्कॅन करायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. सीटीमध्येही काही दिसले नाही आणि दुखणे तसेच राहिले, तर एमआरआयमध्ये हाडाच्या आत आलेली सूज दिसते.

जर्मनीतल्या माइन्झ येथील पोल रोमेन्स आणि अलेक्झांडर हॉफमन या शल्यचिकित्सकांनी २०१३ मध्ये अशा ठिसूळ हाडांच्या कटिबंधभंगांचे चार प्रकार मांडले. आज उपचार ठरवताना त्यांचा उपयोग होतो. पहिल्या प्रकारात फक्त पुढची बाजू मोडलेली असते. दुसऱ्यात मागेही तडा असतो, पण हाड जागचे हललेले नसते. तिसऱ्यात मागचे हाड एका बाजूला सरकलेले असते आणि चौथ्यात दोन्ही बाजूंना. पहिल्या दोन प्रकारांत बहुधा ऑपरेशन लागत नाही, शेवटच्या दोन प्रकारांत बहुधा लागते. घरच्यांनी हेही जाणून घ्यावे, की आज दुसऱ्या प्रकारात असलेला तडा काही आठवड्यांनी तिसऱ्या-चौथ्या प्रकारात जाऊ शकतो. त्याची खूण म्हणजे कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे, किंवा नव्या जागी सुरू होणे. तुमच्या आईच्या बाबतीत नेमके हेच घडत असावे, अशी मला शंका आहे.

आता झोपून राहण्याविषयी. ‘हाड मोडले की अंथरूण धरायचे’ ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे, की डॉक्टरांनी उठायला सांगितले तरी घरचे लोक मायेने रुग्णाला उठू देत नाहीत. या वयात मात्र अंथरूणच रुग्णाचा घात करते. पायांचे स्नायू काही दिवसांतच उतरू लागतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, माकडहाडावर आणि टाचांवर शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, पडतात, लघवीच्या नळीमुळे जंतुसंसर्ग होतो, आणि हाडावर भार पडेनासा झाला की उरलेलेही हाड विरळ होत जाते. पुढच्या हाडाचा तडा जिथल्या तिथे असेल, तर पुष्कळ रुग्णांचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत ओसरते आणि चालण्याने त्यात बिघाड होत नाही. म्हणून पहिल्या दोन प्रकारांत वेदना आटोक्यात आणायची आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच रुग्णाला बसवायचे, उभे करायचे, सोसेल तितका भार देऊन वॉकरने चालवायचे, हीच आजची मान्य पद्धत आहे. ‘त्या पायावर वजन टाकू नका’ ही सूचना पंचविशीतल्या मुलाला पाळता येते. ७८ वर्षांच्या बाईंना एका पायावर तोल सांभाळत वॉकर उचलणे जमत नाही, आणि त्या सूचनेचा प्रत्यक्षातला अर्थ पुन्हा अंथरूण असाच होतो.

वेदना आटोक्यात आणायची म्हणजे दुखले की गोळी असे करायचे नाही, ठरलेल्या वेळी गोळी द्यायची. पॅरासिटामॉल दिवसातून तीन-चार वेळा, एकूण प्रमाण डॉक्टरांनी वजन आणि यकृत पाहून ठरवलेले, हा पाया असावा. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या या वयात मूत्रपिंडाला आणि जठराला अपाय करतात, त्या मनाने देऊ नयेत. ट्रॅमाडॉलने आराम पडतो, पण त्याने बद्धकोष्ठ होते आणि काही वृद्धांमध्ये भ्रमही होतो. आईला ती गोळी सुरू आहे का, ते पाहा. गोळी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने फिजिओथेरपिस्टच्या मदतीने उठवणे सर्वांत सोयीचे. आधी गुडघे वाकवून खांदे आणि कंबर एकदम कुशीवर वळवायची, मग पाय पलंगाखाली सोडून काही मिनिटे बसवायचे, चक्कर येत नाही याची खात्री करायची आणि मग उभे करायचे. पहिल्या दिवशी पलंगापासून खुर्चीपर्यंत आली, तरी ते मोठे यश समजा.

संध्याकाळच्या भलत्या बोलण्याला घरात ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात. चार दिवसांत अचानक सुरू झालेला असा भ्रम म्हणजे डेलिरियम, आणि त्यामागे सहसा शरीरातले कारण असते. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातले सोडियम उतरणे, पाणी कमी पडणे, लघवी तुंबणे, शौचास न होणे, न शमलेली वेदना, एखादी नवी गोळी, यांतले एक किंवा अनेक. ती कारणे शोधावीत. चष्मा आणि श्रवणयंत्र तिच्या अंगावर असू द्यावे, दिवसा खिडकी उघडी ठेवावी, ओळखीचे माणूस जवळ बसावे. झोपेची गोळी देऊन तिला गप्प करण्याचा मोह टाळावा.

नीट औषधे देऊनही आठवडाभरात रुग्ण उभी राहू शकत नसेल, किंवा सीटीमध्ये मागचे हाड सरकलेले दिसले, तर ऑपरेशनचा विचार करायला हवा. ते ऐकून घाबरून जाऊ नका. पुष्कळदा मोठी चीर लागत नाही. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत कुल्ह्याच्या बाजूने छोट्या छिद्रांतून लांब स्क्रू त्रिकास्थीत बसवतात, आणि हाड फारच पोकळ असेल तर स्क्रूच्या टोकाभोवती हाडांचे सिमेंट भरतात. त्रिकास्थीतून पायांकडे आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा अगदी शेजारून जातात, म्हणून हे काम त्याचा सराव असलेल्या सर्जनकडूनच करून घ्यावे. ठिसूळ हाडात स्क्रू सैल होण्याचा धोकाही उरतोच. या ऑपरेशनचा उद्देश आईला दुसऱ्या दिवशी उभी राहता यावी हा असतो. एक्स-रे सुंदर दिसावा म्हणून ते करायचे नसते.

प्रश्न : पडल्यावर खुबा ‘बसवून घेण्यासाठी’ वडिलांना हाडवैद्यांकडे नेण्याचा नातेवाइकांचा आग्रह आहे. तेल लावून चोळल्याने निदान सूज तरी उतरेल ना? – एक वाचक, बार्शी

उत्तर : नेऊ नका. कटिबंधाचे हाड बाहेरून ओढून बसवता येत नाही. ओढाताणीने जागचा तडा सरकतो, आणि मोडलेल्या जागी किंवा सुजलेल्या पोटरीवर जोराने चोळल्याने रक्तस्राव वाढण्याचा आणि शिरेतली गुठळी सुटण्याचा धोका असतो. आधी एक्स-रे काढा. वडिलांचा पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला कलंडलेला दिसत असेल, तर मांडीच्या हाडाची मान मोडलेली असण्याचा संभव जास्त. पायाची लांबी सारखी आणि दुखणे जांघेत असेल, तर कटिबंधाचा किंवा वाटीचा अस्थिभंग मनात धरायला हवा.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे, आजवर शेतात स्वतः फिरणारे. गोठ्यात घसरून उजव्या कुशीवर पडले. सीटीमध्ये खुब्याच्या वाटीची आतली भिंत फुटून गोळा आत शिरला आहे, आणि वाटीच्या छताचा एक तुकडा दबला आहे, असे लिहिले आहे. एक डॉक्टर प्लेट बसवू म्हणतात, दुसरे म्हणतात प्लेट बसवून त्याच वेळी सांधाही बदलू, तिसरे म्हणतात आत्ता काही करू नका, पुढे दुखले तर सांधा बदलू. कोणाचे ऐकावे? आणि खर्च कसा भागवावा? – एक वाचक, निफाड

उत्तर : तिघेही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण हे तिन्ही उपचार खरे आहेत. प्रश्न एवढाच, की तुमच्या वडिलांना त्यांतला कोणता लागू पडतो.

वाटीच्या अस्थिभंगांचे जे वर्गीकरण आजही शिकवले जाते, ते रोबेर ज्यूदे आणि एमिल लतुर्नेल या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी १९६४ मध्ये मांडले. वाटीचा पृष्ठभाग तंतोतंत जुळवला नाही तर सांधा लवकर झिजतो, म्हणून हाड उघडून जुळवावे, हा त्यांचा धडा होता आणि तरुण रुग्णाला तो आजही लागू आहे. म्हातारपणी मात्र पडण्याची तऱ्हा वेगळी असते. माणूस कुशीवर आपटतो, मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा जमिनीवर बसतो आणि गोळा वाटीची पातळ आतली भिंत फोडून ओटीपोटाच्या दिशेने घुसतो. जाताना तो वाटीच्या छताचा आतला भाग वर दाबतो. एक्स-रेमध्ये हे छत उडत्या समुद्रपक्ष्याच्या पंखांसारखे दिसते, म्हणून डॉक्टर त्याला ‘गल साइन’ म्हणतात. ही खूण दिसली, की प्लेट बसवून वाटी जुळवली तरी ती टिकेलच असे सांगता येत नाही, असा अनुभव आहे. दबलेला तुकडा उचलला तरी त्याखाली आधार द्यायला निरोगी हाड नसते.

ऑपरेशन न करता बरे होणारे रुग्ण असतात. गोळा छताखाली नीट बसलेला आहे, तुकडे फारसे सरकलेले नाहीत, किंवा फुटलेले सगळे तुकडे मिळून गोळ्याभोवती नवी का होईना पण जुळती वाटी तयार झाली आहे, अशा वेळी थांबणे योग्य. ज्यांचे हृदय-फुप्फुस भूल सोसणार नाही, किंवा जे आधीपासूनच पलंग-खुर्चीपुरते हालत होते, त्यांच्या बाबतीतही थांबणे योग्य. पण थांबणे म्हणजे पायाला वजन लटकवून महिनाभर पाठीवर झोपवणे, ही जुनी पद्धत वृद्धांसाठी सोडून द्यायला हवी. थांबायचे असेल तरी बसवायचे, खुर्चीत न्यायचे, आणि शक्य तितके वॉकरवर आणायचे. पुढे दुखले तर जुळून आलेल्या हाडात सांधा बदलता येतो. मात्र संधिवातासाठी केलेल्या सांधेबदलापेक्षा हे काम अवघड असते, आणि तोवरचे महिने लंगडत, दुखत काढावे लागतात.

प्लेट बसवायची असेल तर ती पहिल्या दोन आठवड्यांच्या आत. तीन आठवडे उलटले की तुकडे नव्या हाडाने चिकटू लागतात आणि जुळवणे कठीण होते. म्हणून ‘बघू, दिवाळीनंतर’ असे या निर्णयात करता येत नाही. वाटीला प्लेटचा आधार देऊन त्याच वेळी सांधा बदलण्याचा फायदा असा, की रुग्णाला लगेच भार देता येतो आणि दुसऱ्या ऑपरेशनची टांगती तलवार राहत नाही. तोटा असा, की ऑपरेशन मोठे, रक्तस्राव जास्त, जंतुसंसर्गाचा आणि सांधा निखळण्याचा धोका जास्त, आणि करणाऱ्याला वाटीची शस्त्रक्रिया आणि सांधेबदल या दोन्हींचा सराव असावा लागतो.

चित्रे न पाहता मत देणे जोखमीचे आहे, तरी छत दबलेले असणे आणि वडील कालपर्यंत शेतात फिरत असणे या दोन गोष्टी एकत्र पाहता, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यास आणि तसा सर्जन उपलब्ध असल्यास माझा कल एकाच वेळी आधार आणि सांधेबदल याकडे झुकतो. तिघांनाही एक प्रश्न विचारा : “हे ऑपरेशन झाल्यावर वडिलांना पायावर पूर्ण भार कधी देता येईल?” ज्यांचे उत्तर ‘दोन-तीन महिने अजिबात नाही’ असे असेल, त्यांना पुढे विचारा, की मग हे महिने ते कुठे आणि कसे काढतील. हाच प्रश्न मी स्वतः प्रत्येक रुग्णाच्या आधी स्वतःला विचारतो.

अशी ऑपरेशने नियमित होतात अशा ठिकाणी दोन-चार दिवसांत हलवले तर चालते, त्यासाठी रात्रीतून धावाधाव लागत नाही. याला अपवाद गोळा वाटीबाहेर निखळलेला असणे, पायाचा पंजा वर उचलता न येणे, किंवा रक्तदाब उतरणे यांचा. या तीन स्थितींत तास मोजायचे असतात. खर्चाविषयी तुम्ही शेवटी लिहिले आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२४ पासून आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटून हे विशिष्ट ऑपरेशन तिथे त्यात बसते का, ते दाखल होण्यापूर्वीच विचारा.

प्रश्न : सासऱ्यांना हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे. पडल्यावर कटिबंधाच्या पुढच्या हाडाला केसाएवढा तडा निघाला, म्हणून घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी ओटीपोट फुगले, ते पांढरे पडले, आणि रक्ताच्या तीन बाटल्या द्याव्या लागल्या. एवढ्याशा तड्यातून इतके रक्त कसे गेले? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पुढच्या हाडाच्या मागून, हाडाला चिकटूनच, दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक वाहिनी जाते. शल्यचिकित्सकांनी तिला लॅटिनमध्ये ‘कोरोना मॉर्टिस’, म्हणजे मृत्यूचा मुकुट, असे नाव दिले आहे, यावरून तिचा धाक कळेल. वयामुळे कडक झालेल्या वाहिनीला हाडाच्या टोकाचा ओरखडा बसला आणि रक्त गोठण्याची शक्ती गोळीने कमी केलेली असली, तर रक्त ओटीपोटात साचत राहते आणि बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याला, तडा कितीही लहान असो, किमान एक दिवस रुग्णालयात ठेवून नाडी, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा पाहायला हवे. रक्तस्राव थांबत नसेल तर कंट्रास्ट सीटीमध्ये (शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटीमध्ये) जागा शोधून, जांघेतून नळी घालून ती वाहिनी आतून बंद करता येते. पुढचा प्रश्न गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची हा. कृत्रिम झडप असलेल्याने ती स्वतः बंदही करू नये आणि स्वतः सुरूही करू नये. हृदयरोगतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बोलून तो दिवस ठरवावा, आणि तो कागदावर लिहून घ्यावा.

प्रश्न : वय ६६. चार वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रेडिएशन झाले. कुठेही पडले नाही, पण दोन महिन्यांपासून कंबरेखाली दोन्ही बाजूंना दुखते. बसल्यावर आणि चालल्यावर वाढते, झोपल्यावर कमी होते. हाडांच्या स्कॅनमध्ये ‘त्रिकास्थीत दोष’ असे लिहून आले. घरात सगळे धास्तावले आहेत. रोग परत आला का? – एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : तुमची भीती मी समजू शकतो, आणि तिचे निरसन तपासणीनेच होईल. पण तुम्ही सांगितलेली लक्षणे आणखी एका, तुलनेने सौम्य, कारणाशी चांगली जुळतात, ते आधी ऐका. ओटीपोटाला दिलेल्या किरणांनी त्या भागातल्या हाडाची दुरुस्ती करण्याची ताकद कमी होते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, काहीही न पडता, रोजच्या चालण्याच्या भाराने त्रिकास्थीला दोन्ही बाजूंना उभे तडे जाऊ शकतात. मधला आडवा तडा त्यांना जोडतो तेव्हा हाडांच्या स्कॅनमध्ये इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी आकृती उमटते. भार पडल्यावर वाढणारे आणि झोपल्यावर कमी होणारे दुखणे तड्याकडे बोट दाखवते. रात्री झोपेतून उठवणारे, सतत वाढत जाणारे दुखणे असते, तर मला जास्त काळजी वाटली असती.

एमआरआय आणि त्याच्या जोडीला सीटी केल्यावर या दोहोंतला फरक बहुधा स्पष्ट होतो. ती चित्रे तुमच्या कर्करोगतज्ज्ञांनी आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी सोबत बसून पाहावीत, आणि त्यांनी पाहण्याआधी सुईने तुकडा काढण्याची घाई करू नये, कारण किरणे दिलेल्या हाडातली जखम भरायला त्रास देते. न पडता मोडलेल्या हाडात मल्टिपल मायलोमासारखे रक्ताचे आजार नाहीत ना, हे पाहण्यासाठी रक्ताच्या काही तपासण्याही कराव्या लागतात. एक सूचना मात्र आवर्जून : हाड वाढवण्यासाठी टेरिपॅराटाइडचे रोजचे इंजेक्शन कोणी सुचवले, तर रेडिएशन झाल्याचे लगेच सांगा. हाडांना किरणे दिलेल्या रुग्णांत ते टाळले जाते.

प्रश्न : आईच्या कटिबंधाचे हाड आता जुळले आहे. डॉक्टरांनी हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा द्यायचे इंजेक्शन सांगितले, पण त्याने जबड्याचे हाड सडते असे वाचले. कॅल्शियमच्या गोळ्या आणि ‘डी’ जीवनसत्त्वाची पुडी पुरणार नाही का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : पुरणार नाही. कॅल्शियम आणि ‘डी’ जीवनसत्त्व हा कच्चा माल आहे. एकदा साध्या पडण्याने मोडलेल्या हाडाला त्यावर औषधही लागते. किरकोळ पडण्याने खुबा किंवा मणका मोडणे हेच ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडांच्या ठिसूळपणाचे, निदान मानतात, आणि कटिबंध मोडला असेल तर हाडांची घनता मोजून औषधाचा निर्णय करतात. रुग्णालयातून घरी जाताना अस्थिभंगाची फाइल मिळते आणि ठिसूळपणाचा उपचार मात्र कागदावर येतच नाही, हे मी इतक्यांदा पाहिले आहे, की तुमच्या डॉक्टरांनी तो सुचवला याचेच मला समाधान वाटले.

त्या इंजेक्शनचे नाव झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, प्रमाण ५ मिलिग्रॅम, शिरेतून. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, मोडलेल्या खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत हे औषध मिळालेल्या रुग्णांत नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. ती चाचणी मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगाच्या रुग्णांवरची होती, कटिबंधाच्या नव्हे. तरी हाडांची दुर्बलता तीच असल्याने तिचा आधार घेणे मला योग्य वाटते. जबड्याचा त्रास खरा आहे, पण तो प्रामुख्याने कर्करोगात दर महिन्याला दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रांशी जोडलेला आहे. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत तो फार विरळा. दात काढायचे असतील ते आधी काढून घ्यावेत, हिरड्या भरू द्याव्यात आणि मग इंजेक्शन घ्यावे. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी करावी आणि ‘डी’ जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावी. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होते, ती पॅरासिटामॉलने जाते.

आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी हा दुसरा मार्ग. ती उठल्यावर रिकाम्या पोटी पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहाही नाही. जी आई अजून नीट बसू शकत नाही, तिला ती देऊ नये, अन्ननलिकेला जखम होते. दर सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन कोणी सुरू केले, तर ते मध्येच सोडू नका. त्याचा परिणाम ओसरताच हाडांची झीज वेगाने होते आणि मणके मोडू शकतात.

‘डी’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी साधारण आठ आठवडे, आठवड्याला एक, अशी देतात. ती चांगली म्हणून वर्षभर दर आठवड्याला चालू ठेवलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला गेलेले होते. कॅल्शियम शक्य तितके ताटातून यावे. नाचणीत १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी किंवा आंबील, दूध-दही आणि तिळाची चटणी मिळून दिवसाची बरीच गरज भागते, उरलेले गोळीने पुरवावे. आणि आईच्या पथ्यातून डाळ, अंडे, दूध कोणी काढून टाकले असेल तर ते परत आणा, कारण उतरलेला स्नायू प्रथिनांशिवाय भरून येत नाही.

प्रश्न : मी पुण्यात नोकरीला, आई कोकणातल्या घरी. कटिबंधाच्या अस्थिभंगातून ती बरी होत आहे आणि शहरात यायला तयार नाही. स्वच्छतागृह परसात, घरात तीन उंबरे. तिथे तिला परत पाठवावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ज्या घरात ती पन्नास वर्षे वावरली, तिथे तिचा आत्मविश्वास लवकर परततो, हे मी मानतो. पण पडण्याची कारणे तशीच ठेवून पाठवू नका. रात्री परसात जाणे पूर्ण बंद व्हायला हवे, त्यासाठी पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा. उकिडवे बसणे निदान तीन महिने नको. पलंगाची उंची अशी असावी, की बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे कुल्ह्यापेक्षा खाली राहतील. उंबऱ्यांच्या दोन्ही बाजूंना लाकडी उतार बसवणे गावातल्या सुताराचे एका दिवसाचे काम आहे. न्हाणीत बसायला स्टूल, भिंतीला पक्की दांडी, आणि दारातली पायपुसणी उचललेली. पावसाळ्यात परसात शेवाळे धरते, तेव्हा दाराबाहेरचे पाऊल कोणाच्या तरी हाताला धरूनच पडावे. वॉकरची पायातली रबरे झिजली की बदलायला सांगा.

याहून महत्त्वाचे काम तिच्या गोळ्यांच्या डब्यात आहे. झोपेची गोळी, रक्तदाबाच्या एकाहून अधिक गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी, यांनी वृद्ध माणूस रात्री उठताना पडतो. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर त्याचे ऑपरेशन पुढे ढकलू नका. तुम्ही तिला गावी सोडायला जाल, तेव्हा सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून तिला तिथल्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि त्यांना तिचा रक्तदाब दोनदा मोजायला सांगा : एकदा पाच मिनिटे झोपवून, आणि मग उभी केल्यावर पहिल्या तीन मिनिटांत. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर कोणती गोळी कमी करायची ते त्याच भेटीत ठरवून घ्या आणि मगच पुण्याची गाडी पकडा.